अर्ज भरेपर्यंतची निवडणूक

पुणे महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं, दुसऱ्या दिवशी निकाल लागला. मी आमच्या प्रभागात ओबीसी महिला जागेवर अपक्ष उभी होते आणि पडले. निकालाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. मला लिहायचंय ते त्याच्या आधीचं. निम्म्या जागा बायकांना आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या जागेवर कुठली बाई उभी राहणार हे कुठे, कधी आणि कुणासमोर ठरतं ते फारसं कुणी लिहीत नाही. मी ते जवळून पाहिलं, म्हणून लिहिते.

आमचं गाव सिंहगड रस्त्याच्या पुढच्या टोकाला. ३० जून २०२१ ला जी २३ गावं पालिकेत घेतली त्यातलं एक. नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल सांगणार आहे ती माणसं रोज समोर भेटतात. त्या वेळी मी ग्रामपंचायत सदस्य होते. गाव पालिकेत गेलं आणि आमची पदं संपली. पुढच्या मार्चमध्ये पालिकेच्या सभागृहाचीही मुदत संपली आणि प्रशासक बसले. म्हणजे साडेचार वर्षं आम्हाला ना सदस्य, ना नगरसेवक.

याचा फटका सगळ्यांनाच बसला, पण बायकांना जास्त बसला असं माझं ठाम मत आहे. पुरुष कार्यकर्त्याकडे पद नसलं तरी त्याचं काही अडत नाही. तो चौकात उभा राहतो, लग्नाला, दहाव्याला जातो, पक्षाच्या ऑफिसात चहा पितो, त्याची ओळख ताजी राहते. बाईला घराबाहेर पडायला कारण लागतं, आणि पद हे भक्कम कारण होतं. ‘मासिक सभा आहे’ म्हटलं की सासूबाई न कुरकुरता स्वयंपाकाचं बघायच्या. पद गेल्यावर मी त्याच पाण्याच्या कामासाठी निघाले तर ‘आता तुझं काय तिथे?’ असं विचारू लागल्या. त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. आमच्या पंचायतीतल्या बाकीच्या जणी एकेक करून घरात गेल्या. एकीनं शिवणकाम सुरू केलं, एक सुनेच्या बाळंतपणात अडकली ती अडकलीच. पहिल्या टर्मला हात धरून सही शिकलेली आमची एक मैत्रीण शेवटी-शेवटी ग्रामसेवकाला कॅशबुक उघडायला लावायची. ती आज कुठेच नाही. राज्यानं २०११ पासून निम्म्या जागा दिल्या, त्यातून तयार झालेल्या अशा किती बायका या खंडात निसटल्या असतील त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

मी टिकले ती बचत गटामुळे. २०२५ च्या जानेवारीत आमच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज बातम्यांत होती. हातपाय लुळे पडलेली माणसं थेट अतिदक्षता विभागात जात होती आणि संशय पाण्यावर होता. गटाच्या बायका घेऊन मी घरोघरी फिरले, पाणी उकळून प्या, टाकी कधी धुतली ते सांगा. टँकरची वेळ ठरवून घ्यायला एका कार्यालयात गेले तर समोरच्या साहेबांनी आधी विचारलं, ‘तुम्ही कोण?’ प्रश्न उर्मट नव्हता, त्यांना खरंच नोंद करायची होती. माझ्याकडे लिहून द्यायला काही नव्हतं. शेवटी ‘नागरिक’ असं लिहिलं.

निवडणुकीचा विचार त्याच्याही आधीपासून होता. २०२२ च्या जुलैमध्ये ओबीसींच्या राजकीय आरक्षणावरचा बांठिया आयोगाचा अहवाल सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला, ओबीसींच्या जागा परत आल्या, तेव्हाच मी जातीच्या दाखल्याच्या मागे लागले. हा भाग मी सावकाश सांगणार आहे, कारण राजकारणात येऊ बघणाऱ्या ओबीसी, अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला पहिला अडथळा इथेच लागतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

जात वडिलांकडून येते, लग्नानं बदलत नाही. त्यामुळे दाखला आणि पुढची पडताळणी दोन्हीला कागद लागतात ते माहेरचे. आम्ही माळी, सासरही माळी. नवऱ्याची, सासऱ्यांची, चुलत सासऱ्यांची सगळी कागदपत्रं आमच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेली आहेत. त्यातला एकही कागद मला चालत नाही. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेतला उतारा. माझं माहेर पुरंदर तालुक्यात. वडील वारलेले. त्यांचा दाखला भावाकडे.

आता भावाकडे मागायचा म्हणजे काय, ते बायकांना सांगायला नको. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर माझं नाव लागलंय आणि मी हक्कसोड दिलेलं नाही. मला जमीन नको असंही नाही आणि भांडायचं होतं असंही नाही, सही करायची वेळ आली तेव्हा मन झालं नाही एवढंच. त्यानंतर राखी चालू होती, बोलणं कमी झालं होतं. अशा वेळी मी त्याच्या दारात उभी राहून दाखल्याची झेरॉक्स आणि वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर सही मागत होते. वहिनीनं पाणी दिलं, चहा दिला. भाऊ म्हणाला, ‘बघतो.’ वरचेवर फोन केले, दर वेळी ‘बघतो’च.

म्हणून मी शाळेची वाट धरली. आजोबा ज्या शाळेत चार बुकं शिकले ती अजून आहे, जिल्हा परिषदेची. हेडमास्तर भले निघाले. त्यांनी लोखंडी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पानं उलटताना भुगा टेबलावर पडत होता. एका पानावर आजोबांचं नाव सापडलं. नाव, बापाचं नाव, जात, दाखल तारीख, आणि शेरा, ‘शेतकामास लावले’. मी त्या रांगेवर बोट ठेवून बसले होते. मग आजोबांच्या बहिणींची नावं शोधली. त्या दोघी होत्या, मला आठवतात. रजिस्टरमध्ये नाहीत. त्या शाळेत गेल्याच नव्हत्या. आमच्या घरातल्या एकाही बाईचा पुरावा त्या काळातला निघत नाही. पुण्यात १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, त्यानंतर शंभर वर्षांनीही पुरंदरच्या एका वाडीतल्या मुली हजेरीपटावर नव्हत्या. मला नगरसेवक व्हायचं असेल तर पुरुषांच्याच रांगेतून यावं लागत होतं.

उतारा मिळाल्यावर भावानंही सही केली. कागद माझ्या हातात आल्यावर त्याचा राग उतरला असावा, किंवा आपण अडवू शकत नाही हे त्याला कळलं असावं. दाखला झाला. तेवढ्यात प्रभागरचनाच बदलली. तीन सदस्यांचे ५८ प्रभाग ठरले होते, ते रद्द झाले, प्रकरण न्यायालयात अडकलं आणि निवडणूक लांबत गेली ती मे २०२५ मध्ये न्यायालयानं आदेश देईपर्यंत.

नोव्हेंबरमध्ये आरक्षणाची सोडत निघाली. पालिकेच्या १६५ जागा, त्यात ८३ महिलांच्या. आमच्या प्रभागात एक ओबीसी महिला, एक सर्वसाधारण महिला, बाकी दोन सर्वसाधारण. सोडतीच्या संध्याकाळी गावात जे झालं ते प्रत्येक गावात, प्रत्येक पेठेत होत असणार. ज्या भाऊ-दादांनी दोन वर्षं फ्लेक्स लावले होते त्यांचे चेहरे पडले आणि दुसऱ्या दिवशी त्याच फ्लेक्सवर वहिनीसाहेबांचा फोटो आला. दादांचा मोठा, हात जोडलेला, वहिनींचा शेजारी. जागा बाईची झाली म्हणजे आपली गेली असं त्यांना वाटतच नाही. ती पाच वर्षांसाठी घरातच दुसऱ्या नावावर ठेवायची असते.

मी ज्या पक्षाचं काम करते त्यानं मुलाखती ठेवल्या. अर्ज भरला, पैसे भरले, केलेल्या कामांची फाइल नेली. दार अर्धवट उघडं होतं, आतलं ऐकू येत होतं. माझ्या आधीच्या दोन पुरुषांना विचारलं, किती बूथवर माणसं आहेत, कुठल्या सोसायट्या हातात आहेत. माझी पाळी आली. टेबलामागे पाच पुरुष आणि एक ताई. पहिला प्रश्न, ‘मिस्टर काय करतात?’ मी सांगितलं, फॅब्रिकेशनचं काम आहे. ‘त्यांची तयारी आहे का?’ मी म्हटलं, उमेदवार मी आहे, माझी तयारी आहे. ‘तसं नाही हो ताई, आर्थिक.’ मग सरळच विचारलं, किती घालू शकता. फाइल टेबलावर होती. ती कुणी उघडली नाही. त्या ताईंनी तेवढी हातात घेतली, दोन पानं चाळली आणि परत ठेवली. मला त्यांचा राग आला नाही. त्याही कधीतरी याच खुर्चीच्या या बाजूला बसल्या असतील.

ओबीसी महिलेचं नाव जवळजवळ नक्की झालंय असं कळलं, तेव्हा मी म्हटलं, मग मला सर्वसाधारण जागेवर द्या. तिथे कुणीही उभं राहू शकतं. सगळे हसले. एकजण म्हणाले, ‘मग पुरुषांनी जायचं कुठे?’ हे वाक्य मी तेव्हापासून अनेकांना सांगितलंय, कारण सगळा प्रश्न त्यात आहे. कायद्यानं सांगितलं की निम्म्या जागा किमान बायकांना हव्यात. पक्षांनी त्याचा अर्थ लावला की निम्म्याच द्यायच्या, वर एक नाही. उरलेली निम्मी पुरुषांसाठी राखीव आहे असं कुठेही लिहिलेलं नाही आणि तरी ती आहे.

आणि जिथे आरक्षण नाही तिथे काय होतं तेही याच शहरात दिसतं. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत पुणे दक्षिणमधून इंदिराबाई मायदेव निवडून गेल्या. त्यानंतर पुण्याच्या जागेवरून एकही बाई लोकसभेत गेलेली नाही. शहरात विधानसभेचे आठ मतदारसंघ, २०२४ ला त्यातून बाई एकच निवडून आली, पर्वतीच्या माधुरी मिसाळ. संसदेत आणि विधानसभेत एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ ला झाला, पण तो जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर लागू व्हायचा आहे. महापालिकेत ३०-३५ वर्षं बायका काम करताहेत, त्यांना वरची पायरीच ठेवलेली नाही.

उमेदवारी कुणाला हे शेवटी रात्री ठरतं. अक्षरशः रात्री. बैठका दहानंतर, हायवेच्या हॉटेलात नाहीतर कुणाच्या फार्महाऊसवर. बाईनं तिथे एकटीनं जायचं तर दुसऱ्या दिवशी गावात काय बोलतील, आणि नाही गेली तर नाव कापलं जातं. मी दोनदा मोठ्या मुलीला घेऊन गेले. आम्हाला बाहेर खुर्च्या दिल्या. अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या, ३० डिसेंबरच्या आदल्या रात्रीपर्यंत ‘तुमचं नाव आहे’ असंच सांगत होते. सकाळी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, दुसरीला गेला होता.

ती दुसरी म्हणजे आमच्या गावातल्याच एका दादांची बायको. त्यांना सगळे नावं ठेवतात, डमी म्हणतात. मी म्हणणार नाही. त्या त्याच दुपारी माझ्या घरी आल्या, एकट्या, पदर डोक्यावरून. ओट्यापाशी उभ्या राहिल्या, बसल्याही नाहीत. म्हणाल्या, ‘ताई, तुमचं काम मला माहिती आहे. मला कुणी विचारलं नाही हो. सकाळी सांगितलं, फोटो काढायला चल.’ मी त्यांना काय बोलणार? मला जागा मिळाली नाही आणि त्यांना नको म्हणायची सोय मिळाली नाही. अशाच उभ्या केलेल्या बायकांतून चांगल्या नगरसेविका झालेल्या मी पाहिल्या आहेत, पहिलं वर्ष नवरा शेजारी बसतो, तिसऱ्या वर्षी ती एकटी अधिकाऱ्याला धारेवर धरते. तेवढ्यात टर्म संपते, सोडतीत जागा बदलते आणि नवरा पुन्हा स्वतः उभा राहतो.

मी अपक्ष अर्ज भरला. शपथपत्र, पालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला, निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं, प्रभागातलेच सूचक-अनुमोदक, जातीचा दाखला आणि पडताळणीसाठी अर्ज दिल्याची पोच. मतदार यादीत नाव सासरचं, जातीच्या दाखल्यावर माहेरचं, म्हणून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र मध्ये जोडायचं. तेही आमचं झालेलं नव्हतं, २०२२ लाच करून घेतलं होतं म्हणून निभावलं. रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या एका मुलीचं नेमकं तेच नव्हतं. ती रडकुंडीला आली होती.

छाननीत अर्ज टिकला. मग माघारीचे दिवस. २ जानेवारीपर्यंत माझ्या फोनवर कुणाचाही दबाव आला नाही. आला तो नवऱ्याच्या फोनवर. ‘वहिनींना समजावा.’ त्याची कामं ज्या साइटवर चालतात तिथूनही एक फोन आला. नवरा दर वेळी एकच बोलायचा, ‘अर्ज तिचा आहे, तिच्याशी बोला.’ त्याच्या या वाक्याची किंमत मला ठाऊक आहे, दोन कामं त्याच्या हातची गेली. मग त्यांनी भावाला गाठलं. भावाचा फोन आला तेव्हा मला धडकी भरली होती. तो म्हणाला, ‘तुझ्या दाखल्यावर मी सही केलीय, आता मागं कशाला घेते?’ आमच्यात इतक्या वर्षांत तो असा बोलला नव्हता.

प्रचाराला बारा दिवसही मिळाले नाहीत. ग्रामपंचायतीला आमच्या वॉर्डात सगळी घरं नावानं माहीत होती. आताचा प्रभाग ८० हजारांच्या पुढचा, अर्धी गावं, अर्ध्या उंच सोसायट्या, जिथे वॉचमनच वर सोडत नाही. आणि चारचा प्रभाग अपक्ष बाईला फार जड जातो. मतदाराला चार मतं द्यायची असतात, पक्षांची चारजणांची पॅनल असतात, एक गाडी, एक पत्रक, चारही बटनं एकाच चिन्हाची. वस्तीतल्या एका आजींनी माझा हात धरून विचारलं, ‘तुझं एक बटन दाबते बाई, पण मग बाकीची तीन कुणाची दाबू?’ मी सांगितलं, तुम्हाला वाटेल त्यांची. आजींना ते पटलं नाही. उमेदवारच सांगत नाही कुणाची दाबायची, म्हणजे हिला कुणाचा पाठिंबा नाही, असा त्यांनी हिशेब केला असणार. संध्याकाळी मी कुणाच्या गाडीतून उतरले याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला. गाडी माझ्या मावसभावाची होती. पुरुष उमेदवार रात्री दोनला कुणाच्याही गाडीतून उतरले तरी त्यांचा फोटो कुणी काढत नाही. मुलीनं तो फोटो आधी पाहिला आणि मला दाखवला नाही, मला तो दुसरीकडून कळला. या सगळ्यातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

त्या वहिनी निवडून आल्या. माझी अनामत गेली. निकालानंतर आठवडाभरानं त्यांचा फोन आला, पाण्याच्या कामाचे जुने कागद आहेत का विचारायला. मी फाइलची झेरॉक्स करून दिली, मुलाखतीत नेली होती तीच. जलवाहिनीचा अर्ज कुठे अडलाय तेही सांगितलं. त्यांनी तो पुढे नेला तर गावाला पाणी येईल, आणि नाही नेला तर मी विचारायला जाणार आहे.

माझं प्रकरण जात पडताळणी समितीपुढे आहे. हरल्यावर लोक म्हणाले, आता कशाला चकरा मारतेस. पण वैधता एकदा मिळाली की कायमची, आणि पुढची निवडणूक लागली की पुन्हा या रांगेत उभं राहायला वेळ मिळत नाही. बचत गटातल्या ओबीसी आणि अनुसूचित जातीच्या बायकांना मी आता हेच सांगत फिरते: उभं राहायचं असो वा नसो, माहेरी जाल तेव्हा वडिलांचा, आजोबांचा शाळेचा उतारा काढून आणा, विवाह नोंदणी नसेल तर करून घ्या, मतदार यादीतलं नाव तपासा. तिघींचे उतारे आले आहेत. एकीचा भाऊ ‘बघतो’ म्हणालाय, तिच्याबरोबर पुढच्या आठवड्यात मी दौंडला शाळेत जाणार आहे.